सिगारेटपेक्षा बरे, पण हवेपेक्षा?

नोकरीसाठी लागणाऱ्या फिटनेस सर्टिफिकेटकरिता बावीस वर्षांचा एक मुलगा गेल्या पावसाळ्यात वडिलांबरोबर माझ्या दवाखान्यात आला होता. नाडी मिनिटाला १०८, रक्तदाब १४४/९२. वजन बेताचे, घरात कुणाला लहान वयात रक्तदाब नाही, बरोबर आणलेले रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ. केसपेपरवर तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’ आणि धूम्रपानाच्या रकान्यात ‘नाही’ असे त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे दोन्ही उत्तरे खरी होती. वडील पैसे द्यायला बाहेर गेले तेव्हा मी पुन्हा विचारले, “काहीच ओढत नाहीस ना?” तो थोडा घुटमळला आणि त्याने खिशातून हायलायटर पेनाएवढी फिकट हिरवी वस्तू काढून टेबलावर ठेवली. ते वेप होते, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट; तिला कलिंगडाच्या गोळीसारखा वास येत होता. “हे आहे, सर. पण ही सिगारेट नाही, यात धूर नसतो,” तो म्हणाला. सकाळी डोळे उघडले की पहिला हात त्या वस्तूकडे जातो, दिवसभरात किती झुरके होतात ते मोजलेले नाही, आणि आत येण्यापूर्वी पार्किंगमध्ये चार-पाच झुरके घेतले होते, हेही त्याने सांगितले. त्याला बाहेर बाकावर बसवून अर्ध्या तासाने नाडी पुन्हा मोजली, तेव्हा ती ८८ होती.

एका मुलाच्या नाडीवरून सिद्धांत मांडता येत नाही आणि मला तसे करायचेही नाही. त्याने मला विचारलेला प्रश्न मात्र तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, कारण तोच प्रश्न मी त्यानंतर पालकांकडून, प्राध्यापकांकडून आणि माझ्याच व्यवसायातल्या मंडळींकडूनही ऐकला आहे. “सिगारेटपेक्षा तर बरंच ना, सर?” या प्रश्नाला साधे उत्तर द्यायचे तर ‘बहुधा हो’ असे द्यावे लागेल. परंतु ज्याने आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही, त्याच्यासाठी ही तुलनाच चुकीची आहे. त्याच्या हातातल्या वेपची तुलना त्याने न ओढलेल्या सिगारेटशी करण्यात काही अर्थ नाही; ती तो एरवी घेत असलेल्या साध्या श्वासाशी व्हायला हवी. ही तुलना एकदा नीट केली की हृदय आणि रक्तवाहिन्या यांच्या बाबतीत आज हाती असलेला पुरावा, अपुरा असला तरी, पुरेसा बोलका आहे असे माझे मत आहे, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यात तर या तुलनेला आणखीच महत्त्व आहे.

आधी त्या वस्तूत काय घडते ते पाहू. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचा नमुना तयार केला, तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि सिगारेटला पर्याय शोधत होता. तत्त्व सोपे आहे: बॅटरीवर तापणारी धातूची बारीक कॉइल, तिच्याभोवती प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात भिजलेला कापूस, त्या मिश्रणात निकोटिन आणि स्वाद. झुरका ओढला की कॉइल तापते आणि द्रवाचे अतिसूक्ष्म तुषार होऊन ते फुप्फुसात जातात. आपण त्याला ‘वाफ’ म्हणतो, पण ती चहाच्या कपावरची वाफ नव्हे. तापलेल्या द्रवातून फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन यांसारखी रसायने तयार होतात, आणि कॉइलमधून निकेल, क्रोमियम, शिसे यांचे अंशही त्या तुषारांत सापडले आहेत. सिगारेटच्या धुरात असणाऱ्या हजारो रसायनांच्या मानाने ही यादी लहान आहे, हे मान्यच केले पाहिजे. त्यातही कार्बन मोनॉक्साइड इथे जवळजवळ नसतो, आणि सिगारेट ओढणाऱ्याच्या हृदयाला होणाऱ्या इजेत या वायूचा वाटा मोठा आहे, म्हणून हा फरक हृदयाच्या दृष्टीने खरोखरच महत्त्वाचा आहे.

निकोटिन मात्र तेच आहे, आणि कित्येकदा अधिक आहे. २०१५ च्या सुमारास अमेरिकेत निकोटिनचे क्षार वापरणारी उपकरणे बाजारात आली. साधे निकोटिन घशाला बोचते, क्षाराच्या रूपातले बोचत नाही, त्यामुळे नवख्या माणसालाही ठसका न लागता मोठी मात्रा ओढता येऊ लागली. विडीचा पहिला झुरका घेणारा मुलगा खोकून बेजार होत असे आणि त्या खोकल्यानेच कित्येक मुले त्या वाटेवरून परत फिरत. कलिंगडाच्या, आंब्याच्या, पुदिन्याच्या स्वादाने आणि या क्षारांनी ती अडचण दूर केली. रक्तात आलेले निकोटिन काही सेकंदांत सहानुभूती चेतासंस्थेला, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेच्या भागाला, डिवचते, अ‍ॅड्रेनलिन सुटते, नाडी वाढते, धमन्या आवळतात, रक्तदाब चढतो. माझ्या टेबलासमोर बसलेल्या मुलाच्या शरीरात पार्किंगमधल्या चार-पाच झुरक्यांनी बहुधा हेच केले होते. वाघ समोर आल्यावर शरीराने करायची ही तयारी. तो मुलगा ती दिवसातून शंभर वेळा, काहीही समोर नसताना, करून घेत होता.

नाडी उतरते, रक्तदाबही उतरतो, म्हणून हा परिणाम तात्पुरता आहे असे म्हणता येते, आणि वेपची बाजू घेणारे तसे म्हणतातही. खरा मुद्दा त्याच्या पुढे, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात आहे. आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. फार काळ हा थर म्हणजे नळीच्या आतला निव्वळ गुळगुळीत मुलामा आहे अशी समजूत होती. १९८० साली अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले की हे अस्तर शाबूत असेल तर अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन दिल्यावर धमनी सैलावते आणि अस्तर घासून काढले असेल तर सैलावत नाही. म्हणजे सैलावण्याचा निरोप ते अस्तरच देत होते. तो निरोप नायट्रिक ऑक्साइड या वायूचा असतो हे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ साली फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. हा वायू धमनी सैल ठेवतो, रक्ताची गुठळी बनवणाऱ्या प्लेटलेट्स या कणांना एकमेकांना चिकटू देत नाही आणि भिंतीत कोलेस्टेरॉलचा थर साचण्याला अटकाव करतो. अस्तर बिघडले की ही तिन्ही कामे बिघडतात. हृदयविकाराच्या झटक्याची सुरुवात झटक्याच्या दिवशी होत नाही, ती वीस-तीस वर्षे आधी याच थरात होते, आणि त्या काळात रुग्णाला काहीही जाणवत नाही.

अस्तराचे आरोग्य मोजण्याची एक साधी रीत आहे. रक्तदाब मोजतो तसा कफ हाताला बांधून पाच मिनिटे घट्ट फुगवून ठेवतात, मग एकदम सोडतात. रक्ताचा लोंढा परत आला की निरोगी धमनी जरा रुंदावते. तीन-चार मिलिमीटर रुंदीची धमनी किती टक्के रुंदावली हे सोनोग्राफीच्या पडद्यावर मोजतात. हा बदल मिलिमीटरच्या अंशात असतो, पण पुढच्या काळातल्या हृदयविकाराशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली याच तत्त्वावरची चाचणी एमआरआयच्या साहाय्याने, कधीही धूम्रपान न केलेल्या ३१ निरोगी तरुणांवर केली. त्यांना निकोटिन नसलेले वेप एकदा ओढायला दिले, तर मांडीतल्या धमनीचे हे रुंदावणे सरासरी ३४ टक्क्यांनी घटले. निकोटिन नव्हतेच, तरी हे घडले. बेल्जियममधल्या एका प्रयोगात मात्र निकोटिनरहित वेपचा असा परिणाम दिसला नव्हता, निकोटिनयुक्त वेपचा दिसला होता. तेव्हा दोष नेमका कोणाचा, तापलेल्या द्रवाचा की निकोटिनचा, हा वाद संपलेला नाही. ज्याच्या खिशात दोन्ही एकत्र आहेत त्याला या वादाच्या निकालाने फारसा फरक पडणार नाही.

एका सत्रानंतर बिघडलेले अस्तर काही वेळाने सावरते. रोज, दर तासाला, वर्षानुवर्षे तेच केले तर काय होते, हा या लेखाचा विषय आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून २०१७ साली आलेल्या एका छोट्या अभ्यासात नियमित वेप ओढणाऱ्यांच्या हृदयाच्या ठोक्यांतील चढउताराची मोजणी केली गेली. शांत बसलेले असतानाही त्यांचे हृदय सहानुभूती चेतासंस्थेच्या अमलाखाली असल्याची खूण तीत दिसली, आणि त्यांच्या रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल ऑक्सिडेशनला अधिक बळी पडणारे आढळले. हृदयविकाराचा पूर्ण विकसित रोगी आणि निरोगी तरुण यांच्या मधल्या वाटेवर जी लक्षणे दिसतात, ती ही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने २०२२ साली दीर्घकाळ वेप ओढणाऱ्यांची तुलना सिगारेट ओढणाऱ्यांशी आणि काहीच न ओढणाऱ्यांशी केली, तेव्हा पहिल्या दोन्ही गटांतल्या धमन्यांचे रुंदावणे सारखेच कमी आढळले. माझ्या दृष्टीने ही नोंद सर्वांत जास्त काळजीची आहे, कारण इथे एका झुरक्याचा परिणाम मोजलेला नसून सवयीचा मोजलेला आहे.

आता विरुद्ध बाजूचा पुरावा, आणि तो दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाने २०१९ साली दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्या ११४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सिगारेट सोडून वेपवर आलेल्यांच्या धमन्यांचे रुंदावणे अवघ्या एका महिन्यात लक्षणीय सुधारले होते. सिगारेट सोडवण्याच्या कामी निकोटिनयुक्त वेप हे निकोटिनच्या पट्ट्यांपेक्षा आणि च्युइंगगमपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे कॉक्रेन या मान्यवर संस्थेच्या आढाव्यात म्हटले आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्ययंत्रणेने याच आधारावर वेपला सिगारेट सोडण्याचे साधन म्हणून स्थान दिले. तीस वर्षे दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा पन्नाशीचा माणूस, ज्याला पट्ट्या, गोळ्या, समुपदेशन यांपैकी कशानेच गुण आला नाही, तो वेपवर पूर्णपणे गेला तर त्याच्या हृदयाचे भले होण्याची शक्यता आहे. ‘पूर्णपणे’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण घरात वेप आणि बाहेर सिगारेट अशी दुहेरी सवय लागलेल्या माणसाला हा लाभ मिळत नाही.

या प्रामाणिक निष्कर्षातून एक आकडा मात्र जगभर पसरला आणि त्याने फार नुकसान केले. ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या संस्थेने २०१५ साली वेप हे सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचे म्हटले. हा आकडा कुणाच्या धमन्या मोजून आलेला नव्हता; तज्ज्ञांच्या एका गटाने निरनिराळ्या हानींना आपल्या अंदाजाने गुण देऊन काढलेली ती गोळाबेरीज होती, आणि तीत कर्करोगापासून खर्चापर्यंत सगळे एकत्र होते. कर्करोगाच्या बाबतीत विषाची मात्रा घटली की धोका पुष्कळसा त्या प्रमाणात घटतो, म्हणून तिथे असा हिशेब काही अंशी जमतो. हृदयाच्या बाबतीत तो जमत नाही. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दिवसाला वीस सिगारेटी ओढल्याने हृदयविकाराचा जेवढा धोका वाढतो, त्यातला सुमारे निम्मा वाढीव धोका पुरुषांमध्ये दिवसाला केवळ एका सिगारेटने येतो, स्त्रियांमध्ये सुमारे एकतृतीयांश, असे त्यातून दिसले. पाच टक्के मात्रा, पण धोका पाच टक्के नव्हे. दुसऱ्याच्या सिगारेटच्या धुराने आणि शहरातल्या हवेतल्या सूक्ष्म कणांनीही हृदयविकार वाढतो, हे आता सर्वमान्य आहे, आणि त्यातही श्वासात जाणारी मात्रा अल्पच असते. धमनीचे अस्तर थोड्याशा माऱ्यानेही बरेच बिघडते आणि नंतरच्या मोठ्या माऱ्याने त्या प्रमाणात आणखी बिघडत नाही, अशी त्याची प्रकृती आहे. तेव्हा वेपमधली विषारी द्रव्ये सिगारेटच्या मानाने थोडी आहेत हे खरे धरले, तरी त्यावरून हृदयाचा धोकाही तितकाच थोडा आहे असे म्हणता येणार नाही.

“पण वेपमुळे हार्ट अटॅक आल्याचे सिद्ध कुठे झाले आहे?” हा आक्षेप यापुढे येतो, आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे. २०१९ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या एका नियतकालिकात वेप आणि हृदयविकाराचा झटका यांचा संबंध दाखवणारा निबंध आला, त्याच्या जगभर बातम्या झाल्या, आणि २०२० च्या फेब्रुवारीत तो मागे घ्यावा लागला. कारण त्यातल्या काही रुग्णांना झटका आधी आला होता आणि वेप त्यांनी नंतर सुरू केले होते. ज्या बाजूने मी बोलतो आहे त्या बाजूची ही चूक होती आणि ती मोठी होती. २०२४ साली अमेरिकेतल्या पावणेदोन लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास मांडला गेला. त्यात कधीही वेप न वापरलेल्यांच्या तुलनेत वापरलेल्यांमध्ये हृदय निकामी होत जाण्याचा आजार १९ टक्क्यांनी अधिक आढळला. हाही निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, वेप वापरणाऱ्यांपैकी अनेकजण पूर्वी सिगारेट ओढत असतात, आणि गणिताने तो परिणाम पूर्ण वजा करता येतो यावर माझा विश्वास नाही. त्यामुळे या १९ टक्क्यांवर मी माझी इमारत उभी करणार नाही.

मी उभी करतो ती काळाच्या हिशेबावर. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० साली दाखवला आणि १९५१ पासून हजारो ब्रिटिश डॉक्टरांचा पाठपुरावा सुरू केला. सिगारेट तोवर घराघरांत पोहोचून काही दशके झाली होती. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, १९६४ चा प्रसिद्ध अहवाल कर्करोगाबाबत ठाम होता. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत हृदयधमन्यांच्या विकाराने अधिक मृत्यू होतात हे त्यात नोंदवले होते, परंतु धूम्रपान हेच त्याचे कारण आहे असे म्हणायला तो अहवाल धजावला नाही. केवळ हृदयविकाराला वाहिलेला सर्जन जनरलचा अहवाल यायला १९८३ साल उजाडले. मधल्या एकोणीस वर्षांत किती लोकांनी ‘हृदयाबाबत अजून सिद्ध झालेले नाही’ या आधारावर सिगारेट चालू ठेवली असेल? वेपचा मोठा प्रसार गेल्या दहा-बारा वर्षांतला आहे आणि ते वापरणारे बहुसंख्य विशी-तिशीतले आहेत. या वयात झटके येत नाहीत, म्हणून ते मोजणीत दिसत नाहीत. आज दिसू शकते ते एवढेच: नाडी, रक्तदाब, धमनीचा ताठपणा, अस्तराचे काम, चिकट होणाऱ्या प्लेटलेट्स. यांतल्या बहुतेक खुणा एकाच दिशेने बोट दाखवत आहेत. झटक्यांची आकडेवारी हवी असेल तर ती २०४० च्या सुमारास मिळेल, आणि ती आज पंधरा-वीस वर्षांच्या असलेल्या मुलांच्या शरीरातून मिळेल.

इथे आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे मधले वय ५३ वर्षे भरले, इतरांचे सुमारे ५९. ब्रिटिश किंवा अमेरिकन मुलाच्या धमनीला मिळणारी सहा वर्षांची सवलत आपल्या मुलाला मिळत नाही. मधुमेह, पोटावरची चरबी आणि शहरातली हवा यांची भर त्यात आहेच.

आणि तंबाखूच्या बाबतीत महाराष्ट्राची घडणही ब्रिटनसारखी नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार आपल्या राज्यात प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. पण ओढणारे केवळ ३.८ टक्के आहेत आणि न ओढता खाणारे, चघळणारे, लावणारे २४.४ टक्के. चुना लावून मळलेली तंबाखू, बायकांची मिसरी, विदर्भातला खर्रा, गुटखा, मावा हे आपले व्यसन. वेप हे सिगारेट सोडवण्याचे साधन आहे, हा युक्तिवाद जिथे पानटपरीवर सिगारेट घेणाऱ्यांपेक्षा तंबाखूची पुडी घेणारे सहापट आहेत तिथे कितीसा लागू पडतो? मिसरी लावणारी आजी ती सोडण्यासाठी वेप हातात घेणार नाही. ते हातात घेतो तिचा नातू, ज्याने विडीही ओढलेली नाही आणि तंबाखूही मळलेली नाही. ब्रिटनमध्ये वेपकडे वळणारा प्रौढ बहुधा धुरातून बाहेर पडत असतो. माझ्याकडे आलेली तरुण मुले स्वच्छ हवेतून निकोटिनमध्ये उतरलेली होती. एका देशात एका गटासाठी योग्य असलेला सल्ला दुसऱ्या देशातल्या निराळ्याच गटाच्या तोंडी जाऊन बसला आहे, आणि विक्रेत्यांना तेच हवे आहे. खुद्द ब्रिटननेही मुलांमधला प्रसार पाहून एकदा वापरून फेकायच्या वेपवर १ जून २०२५ पासून बंदी घातली.

आपल्याकडे तर संपूर्ण बंदी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात या सगळ्याला मनाई. साठवणीची शिक्षा कमी आहे; बाकीच्यांसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. मी या बंदीच्या बाजूचा आहे. वर मांडलेला पुरावा पाहता आपल्या राज्यात ही वस्तू दुकानात खुली विकली जावी असे कोणत्याही डॉक्टरने म्हणू नये. परंतु गुटख्यावर २०१२ पासून बंदी असलेल्या राज्यात बंदीचा अर्थ काय होतो हे कुणाला समजावून सांगायला नको. तो मुलगा म्हणाला की त्याला एका मेसेजवर वेप घरपोच मिळते, आणि त्यावर माझा लगेच विश्वास बसला.

बंदीचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की आपण या विषयाकडे पाहणेच थांबवले. सिगारेटच्या पाकिटावर चित्र असते, इशारा असतो, व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत फोन क्रमांक असतो. चोरून आलेल्या वेपच्या डबीवर यातले काहीही नसते. आत किती निकोटिन आहे, डबीवर छापलेला आकडा खरा की खोटा, कॉइल कोणत्या धातूची, कशाचाच ठाव नाही. विमानतळांवर आणि गोदामांत असा माल जप्त झाल्याच्या बातम्या येतात. तो माल नष्ट करण्यापूर्वी त्यातले नमुने सरकारी प्रयोगशाळेत तपासून निकोटिनचे प्रमाण आणि धातूंचे अंश जाहीर करायला काय हरकत आहे? त्यासाठी नवा कायदा लागत नाही. महाविद्यालयांत नाव न विचारता दर दोन वर्षांनी एक सर्वेक्षण घ्यायलाही लागत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेपचा वापर नगण्य निघाला होता, त्या आकड्यावर विसंबून राहण्याइतका तो काळ आता जवळचा नाही. वीस वर्षांनी हृदयरोगतज्ज्ञांना पुरावा हवा असेल तर त्याची नोंद आजपासून ठेवली पाहिजे.

महाविद्यालयांना एक विनंती करावीशी वाटते. एका प्राचार्यांनी वसतिगृहात वेप सापडलेल्या दोन मुलांना थेट काढून टाकल्याचे मला अभिमानाने सांगितले. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर, साठवणाऱ्यावर आहे. ओढणाऱ्यासाठी त्यात वेगळा गुन्हा लिहिलेला नाही, आणि ते शहाणपणाचे आहे असे मला वाटते. निकोटिनच्या विळख्यात सापडलेला एकोणीस वर्षांचा मुलगा हा रुग्ण आहे. त्याला घालवून दिल्यावर इतर मुले ती वस्तू अधिक खोल खिशात ठेवतील आणि डॉक्टरने विचारले तरी नाही म्हणतील. माझ्या अनुभवात मुले खोटे बोलत नाहीत, प्रश्न चुकीचा असतो. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नात वेप येत नाही, कारण त्यात धूर नाही. माझ्या केसपेपरवर मी आता ‘वेप, हुक्का किंवा इतर काही ओढता का, दिवसातून किती वेळा, उठल्यावर किती मिनिटांनी’ अशी वेगळी ओळ छापून घेतली आहे. शेवटचा भाग सर्वांत उपयोगी ठरतो: उठल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्याला झुरका लागतो, त्याचे परावलंबित्व बहुधा तीव्र असते, आणि त्याला निव्वळ उपदेश करून भागत नाही.

त्या मुलाला मी फिटनेस सर्टिफिकेट त्या दिवशी दिले नाही. वडिलांना काय सांगायचे ते त्यानेच ठरवावे असे म्हटले, आणि त्याने ते त्याच आठवड्यात सांगितले. समुपदेशन आणि मात्रा उतरवत नेलेली निकोटिनची पट्टी यांवर आम्ही सुरुवात केली. पट्टीतही निकोटिनच असते, मग फरक काय, असे त्याने विचारले, आणि प्रश्न योग्य होता. पट्टी निकोटिन हळूहळू आणि एकसारखे देते, त्यामुळे झुरक्यासरशी येणारी ती उसळी नसते. तिच्यातून तापलेले रसायन फुप्फुसात जात नाही. आणि तिला शेवटची तारीख असते. हृदयविकाराच्या रुग्णांनाही आम्ही ती देतो.

सहाव्या आठवड्याला तो आला तेव्हा नाडी ७६ होती आणि रक्तदाब १२६/८०. मधे दोनदा त्याने मित्राकडचे वेप ओढले होते, तेही सांगितले. मग त्याने विचारले की तीन वर्षांत जे आत झाले असेल ते भरून येईल का. सिगारेट सोडल्यावर हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण वर्षभरात निम्म्यावर येतो हे मी त्याला सांगितले, डंडीच्या अभ्यासात महिन्याभरात सुधारलेल्या धमन्यांबद्दल सांगितले, आणि वेप सोडणाऱ्यांचा असा वर्षांचा हिशेब अजून कुणाकडेच नाही हेही सांगितले. त्याने पुढच्या तपासणीची तारीख मोबाइलमध्ये लिहून घेतली, आणि जाताना विचारले की त्याच्याबरोबर राहणाऱ्या दोघांना घेऊन आला तर चालेल का.